तपास एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा: चांदवड, २६/११ आणि मालेगाव

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.)

३१ जुलै २०२५ ला मालेगाव बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागला आणि सातही आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवला. सतरा वर्षं, दोन तपास यंत्रणा, तीनशेच्या वर साक्षीदार, आणि शेवटी सहा माणसं कुणी मारली याचं उत्तर नाही. हे होतं कसं?

मी पोलिस नाही, वकीलही नाही. स्फोट कुणी केला यावर आज मी बोलणार नाही, ते कोर्टाचं काम. पण या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की ज्यावर बोलण्याइतका अभ्यास मी केलाय. दहशतवादाच्या प्रकरणात डझनभर यंत्रणा काम करतात. त्यांच्यात "समन्वय नव्हता" असं आपण प्रत्येक वेळी म्हणतो आणि पुढे जातो. समन्वय म्हणजे नेमकं काय, तो तुटतो तेव्हा नेमकं काय तुटतं, हे आज बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको: माहिती कुणाकडे नव्हती म्हणून जेवढं बिघडतं, त्यापेक्षा जास्त बिघडतं ते काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना "आता हे कुणाचं" हे ठरलेलं नसतं म्हणून.

आधी एक बेवारस बॅग

समजा, जळगाव स्टेशनवर प्लॅटफॉर्मच्या बाकाखाली एक बॅग पडलीय. पंधरा मिनिटं झाली, कुणी घ्यायला येत नाही. तुम्ही कुणाला सांगणार?

खाकी कपड्यातला जो पहिला माणूस दिसेल त्याला. तो आरपीएफचा असू शकतो, जीआरपीचा असू शकतो. आपल्याला दोन्ही सारखेच. पण आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, दिल्लीच्या रेल्वे मंत्रालयाखाली येतं. जीआरपी, म्हणजे लोहमार्ग पोलिस, महाराष्ट्र पोलिसांचा भाग. रेल्वेच्या मालमत्तेची आणि प्रवाशांची राखण आरपीएफ करतं. स्टेशनवर खून, चोरी, स्फोट असं काही झालं तर गुन्हा दाखल होतो जीआरपीकडे. बॅग उघडायला लागणारं बॉम्बशोधक पथक जिल्हा पोलिसांकडून येणार. स्टेशनच्या दाराबाहेर रिक्षा स्टँडवरची गर्दी हटवणार शहर पोलिस. गाडी थांबवायची की नाही हे ठरवणार रेल्वेचे ऑपरेटिंगवाले, भुसावळ विभागातून.

मोजा ना भो. एका बॅगेला पाच ठिकाणचे लोक. यातले सगळे मेहनती आहेत, प्रामाणिक आहेत असं धरून चाला. तरी पहिल्या दहा मिनिटांत "प्लॅटफॉर्म रिकामा करा" हे कुणी म्हणायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

आता बॅगेच्या जागी एक जिल्हा ठेवा. धुळे किंवा जळगावात एसपींच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा आणि गोपनीय माहिती गोळा करणारी जिल्हा विशेष शाखा असते. राज्य पातळीवर राज्य गुप्तवार्ता विभाग आणि २००४ मध्ये उभं राहिलेलं दहशतवादविरोधी पथक, म्हणजे एटीएस. केंद्राकडे देशातल्या गुप्त माहितीसाठी आयबी, देशाबाहेरच्यासाठी रॉ, तपासासाठी सीबीआय आणि २००८ नंतर एनआयए, कमांडो कारवाईसाठी एनएसजी. प्रत्येकाचा साहेब वेगळा, कायदा वेगळा, फाईल वेगळी. आणि राज्यघटनेत "पोलिस" हा विषय राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे दिल्लीने हुकूम सोडला आणि सगळे कामाला लागले असं आपल्याकडे होत नाही, होऊही नये.

चांदवडजवळची ती रात्र

धुळ्याहून नाशिकला जाताना मालेगाव सोडलं की चांदवड लागतं. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसने मिळालेल्या खबरीवरून दोन गाड्यांचा पाठलाग केला. एक टाटा सुमो, एक इंडिका. सुमो अडवली. आत सुमारे ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ आणि हजारो काडतुसं सापडली. "औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण" म्हणून पुढे गाजलं ते हेच.

हे यश मोठं होतं, ते कमी लेखू नका. खबर होती, ती वेळेत योग्य पथकाकडे पोचली, पथक रस्त्यावर होतं.

पण इंडिका निसटली. ती चालवणारा बीडचा झबीउद्दीन अन्सारी मालेगावकडे गेला, तिथून देशाबाहेर पळाला. अडीच वर्षांनी, २६/११ च्या रात्री, कराचीतून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणाऱ्यांमध्ये एक आवाज त्याचा होता असं तपासात पुढे आलं. अबू जुंदाल हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तोच हा. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारतात पाठवलं. दिल्ली विमानतळावर दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने अटक केली. त्यानंतर ताबा कुणाला मिळायचा यावरून दिल्ली पोलिस, एनआयए आणि महाराष्ट्र एटीएस तिघेही कोर्टात उभे होते. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने शस्त्रसाठा प्रकरणात त्याला जन्मठेप दिली.

एका निसटलेल्या गाडीवरून एटीएसला दोष द्यायला मी हे सांगत नाही. रात्रीच्या हायवेवर दोन गाड्या पकडणं सोपं नसतं. मुद्दा असा की दहशतवादाच्या प्रकरणात एक धागा सुटला की तो फार लांब जाऊन उगवतो, आणि तोपर्यंत तो दुसऱ्याच कुणाच्या हद्दीत असतो.

२६/११: कमांड कुणाकडे?

२६ नोव्हेंबर २००८. दहा जण समुद्रातून आले. १६६ माणसं गेली. ताजमधली कारवाई संपायला २९ ची सकाळ उजाडली. हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्या रात्रीकडे फक्त एका बाजूने बघू: नेतृत्व कुठे बसलं होतं?

राज्य सरकारने नंतर माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि रॉचे निवृत्त अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. एप्रिल २००९ मध्ये अहवाल आला. समितीच्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, समुद्रमार्गाने आणि मोठ्या हॉटेलांवर हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी वेगवेगळ्या वेळी आल्या होत्या, पण त्यांची हाताळणी नेहमीच्या टपालासारखी झाली. कागद पुढे पाठवला, काम संपलं. दुसरी, त्या रात्री पोलिस आयुक्त हसन गफूर ट्रायडंट हॉटेलजवळ होते आणि कंट्रोल रूम सहआयुक्त राकेश मारिया सांभाळत होते. आयुक्तांचं उघड, सगळ्यांना दिसेल असं नेतृत्व त्या रात्री नव्हतं, असं समितीने म्हटलं.

हे वाचताना मला माझं रोजचं काम आठवतं. सॉफ्टवेअरमध्ये रात्री दोन वाजता सिस्टीम पडली की पंधरा जण कॉलवर येतात. सगळे हुशार. जो तो लॉग उघडून बसतो. दोघं एकच गोष्ट दुरुस्त करतात, तिसरा त्यांचं काम उलटवून टाकतो. म्हणून आम्ही एक माणूस ठरवतो, इन्सिडेंट कमांडर. तो कीबोर्डला हात लावत नाही. कोण काय करतंय हे त्याला माहीत असतं, आणि कुणीही काही बदलण्याआधी त्याला सांगायचं. आमच्यासारख्यांनी ही पद्धत उचलली अग्निशमनवाल्यांकडून. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले, अनेक खात्यांचे बंब आले आणि कुणाचं ऐकायचं तेच कळेना. त्यातून त्यांनी नियम केला: जो पहिला पोचेल तो प्रमुख, आणि दुसऱ्या कुणी स्पष्ट शब्दांत "आता मी घेतो" म्हणेपर्यंत तोच प्रमुख.

आमच्या सर्व्हरमुळे माणसं मरत नाहीत. ही तुलना मी तेवढ्याच मापाने करतोय. पण त्या रात्री एटीएसचे हेमंत करकरे, पूर्व विभागाचे अशोक कामटे आणि खंडणीविरोधी पथकाचे विजय साळसकर हे तीन वेगळ्या शाखांचे अधिकारी एकाच गाडीत होते, आणि कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत तिघेही मारले गेले. त्यांच्या धैर्याबद्दल कुणाला शंका नाही. तीन शाखांचे वरिष्ठ एकाच क्वालिसमध्ये कसे, त्यांनी मागितलेली कुमक कुठे होती, हा प्रश्न त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे वर्षानुवर्षं विचारला. विनीता कामटे यांनी तर माहिती अधिकारात वायरलेसच्या नोंदी मिळवून पुस्तक लिहिलं. शौर्य होतं, पण ते शौर्य कुठे वापरायचं हे ठरवणारी खुर्ची धूसर होती.

आणि जिथे साखळी नीट चालली तिथे काय झालं? पळवलेल्या स्कोडा गाडीची खबर वायरलेसवरून डी. बी. मार्ग पोलिस ठाण्याच्या पथकाला मिळाली, गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती, गाडी थांबली, आणि तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडून दिलं. खबर, ठिकाण, माणूस. तिन्ही जुळलं.

एक खटला जो टिकला

कसाबच्या खटल्यात सरकारी वकील होते आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम. त्यामुळे इकडे त्या खटल्याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर पण व्हायच्या. मी समन्वयाच्या बाजूने तो पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली.

तपास पहिल्यापासून शेवटपर्यंत मुंबई क्राइम ब्रँचकडे राहिला. मदत मात्र जगभरातून आली. अमेरिकेच्या एफबीआयने जीपीएस यंत्रातली माहिती काढून दिली, बोटीच्या यामाहा इंजिनाचा माग काढला, इंटरनेटवरून केलेल्या फोनची साखळी लावली. आणि फक्त अहवाल पाठवून थांबले नाहीत, त्यांच्या लोकांनी साक्ष दिली, बचाव पक्षाच्या उलटतपासणीला तोंड दिलं. म्हणजे मदत करणारे अनेक, पण फाईल एकाची. मे २०१० मध्ये शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

इथे एक कबुली दिलीच पाहिजे. हा खटला इतर खटल्यांपेक्षा सोपा होता. आरोपी जिवंत सापडलेला, फोटो होते, सीसीटीव्ही होतं. शिवाय त्याच खटल्यात कटात मदत केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, कारण त्यांच्याविरुद्धचा नकाशाचा पुरावा कोर्टाला पटला नाही. म्हणजे फाईल एकाची असली की सगळं आपोआप सिद्ध होतं असं नाही. पण एक फायदा नक्की होतो: कोर्टात उभं राहून "हा पुरावा माझा, याचं उत्तर मी देतो" म्हणणारा कुणीतरी असतो.

मालेगाव, दोनदा

आता धुळ्यापासून तासाभरावर येऊ. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी आपल्या दाराशीच आहे.

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. हमीदिया मशिदीजवळचं बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक इथे स्फोट झाले. ३१ माणसं गेली, तीनशेहून जास्त जखमी. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली आणि डिसेंबरात आरोपपत्र दिलं. मग प्रकरण सीबीआयकडे गेलं. सीबीआयने २०१० मध्ये पुरवणी आरोपपत्र दिलं, ते एटीएसच्याच दिशेने. त्यानंतर दुसऱ्या एका स्फोटाच्या तपासात स्वामी असीमानंद यांचा मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब आला, त्याने वेगळ्याच गटाकडे बोट दाखवलं. तो जबाब त्यांनी पुढे मागे घेतला. पण एप्रिल २०११ मध्ये प्रकरण एनआयएकडे आलं, आणि २०१३ मध्ये एनआयएने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवलं.

म्हणजे एकाच स्फोटाच्या, एकाच कोर्टात, सरकारच्याच दोन परस्परविरोधी गोष्टी. एकाला खरं म्हटलं तर दुसरी खोटी. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने पहिल्या नऊ जणांना दोषमुक्त केलं, आणि एटीएसने त्यांना बळीचा बकरा केल्यासारखं दिसतं अशा अर्थाचं मत नोंदवलं. दोषमुक्त म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा नाही. त्यांनी तोपर्यंत जवळपास पाच वर्षं तुरुंगात काढली होती. नवांतला एक जण हा दिवस बघायला जिवंत नव्हता.

दुसरा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा, भिक्खू चौकात, रमजानमध्ये, रात्री. सहा जण गेले. करकरेंच्या एटीएसने मोटारसायकलवरून माग काढत अटका केल्या. दोन महिन्यांत करकरे स्वतः गेले. २०११ मध्ये तपास एनआयएकडे. मे २०१६ मध्ये एनआयएने पुरवणी आरोपपत्र दिलं, त्यात मोक्का कायदा काढला, काही आरोपींविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हटलं, आणि एटीएसने घेतलेल्या काही जबाबांवर स्वतःच प्रश्न उभे केले.

मोक्का काढला याचा अर्थ समजून घ्या, कारण सगळ्या गोष्टीचा काटा इथे फिरला. साधारण कायद्यात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मोक्कामध्ये एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा चालतो. मोक्का गेला की ते कबुलीजबाबही गेले. पहिल्या यंत्रणेने घर ज्या खांबावर उभं केलं तोच दुसऱ्या यंत्रणेने काढला, आणि नवा खांब उभा राहिला नाही.

पुढे साक्षी सुरू झाल्या. ३२३ साक्षीदार तपासले, तीसहून जास्त फितूर झाले. काही मूळ जबाबांची कागदपत्रं कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये सापडेनात, झेरॉक्स चालतील का यावर वेगळी लढाई झाली. शेवटी कोर्टाने म्हटलं: मोटारसायकल आरोपीचीच होती हे सिद्ध नाही, घटनास्थळाचा पंचनामा सदोष, यूएपीए लावायला घेतलेली मंजुरी सदोष. संशय कितीही असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. माजी खासदार प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह सातही जण निर्दोष. मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख, जखमींना पन्नास-पन्नास हजार द्यायचा आदेश. पीडितांच्या कुटुंबीयांनी पुढे हायकोर्टात अपील केलं.

तुमची राजकीय बाजू कुठलीही असो, दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात निरपराध माणसांची वर्षं गेली. दुसऱ्यात सात जणांवर सतरा वर्षं आरोपाचं सावट राहिलं आणि मेलेल्यांच्या घरी उत्तर आलं नाही. दोन्हीत तपास हातातून हातात गेला. देणाऱ्याने काय सिद्ध झालं आणि काय नुसता अंदाज आहे हे वेगळं करून दिलेलं दिसत नाही, आणि घेणाऱ्याने पुढे काय टिकेल याची जबाबदारी घेतलेली दिसत नाही.

कायदा काय म्हणतो

एनआयए कायदा ३१ डिसेंबर २००८ चा. त्यात कामाची सोपवणी लिहिलेली आहे, ती वाचण्यासारखी आहे. ठाण्यात गुन्हा दाखल झाला की ठाणेदाराने राज्य सरकारला कळवायचं, राज्याने केंद्राला, आणि केंद्राने पंधरा दिवसांत ठरवायचं. एनआयए प्रत्यक्ष तपास हाती घेईपर्यंत तपास चालू ठेवणं हे त्या पोलिस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे, असं कलम ६ मध्येच स्पष्ट म्हटलंय. अग्निशमनवाल्यांचा नियमच हा. "वरून कुणीतरी येणारे" म्हणून हात बांधून बसायची मुभा नाही.

माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आयबीमध्ये मल्टी एजन्सी सेंटर आहे. ते कारगिलनंतर २००१ मध्ये सुरू झालं आणि २६/११ नंतर त्याला बळ दिलं. एनएसजी मानेसरहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली होती, म्हणून २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत तिचे तळ झाले. राज्याने फोर्स वन उभं केलं.

एक प्रयत्न मात्र बारगळला. अमेरिकेत ९/११ आधी सीआयएला दोन अपहरणकर्ते देशात आल्याचं माहीत होतं, एफबीआयला ते वेळेत कळलं नाही. त्यातून २००४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र काढलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०१२ मध्ये तसाच आदेश निघाला. पण हे केंद्र आयबीखाली, आणि त्याला झडती-अटकेचे अधिकारही. अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला. मला तो विरोध नुसता हट्ट वाटत नाही. गुप्त माहिती गोळा करणाऱ्यानेच अटक करायची आणि ती कोर्टात कुणी तपासायची नाही, ही भीती खरी होती. राज्यांना न विचारता काढलेला आदेश राज्यांच्या सहकार्यावर चालणार होता, इथेच तो अडकला.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*मग सरळ सगळं एनआयएकडेच दिलं तर? भानगडच नको.*

बॅग पहिल्यांदा दिसणार आहे ती जळगावच्या हवालदाराला, दिल्लीच्या अधिकाऱ्याला नाही. पंचनामा पहिल्या तासात होतो. तो बिघडला तर नंतर कुणीही आलं तरी तो सुधारता येत नाही, हे मालेगावने दाखवलं. आणि दुसरं, केंद्रीय यंत्रणा म्हणजे आपोआप बरोबर असं नाही. २००६ च्या प्रकरणात सीबीआय आधीच्याच वाटेने गेली. तिसऱ्या कुणीतरी पहिल्यापासून पाहिलं म्हणून ते नऊ जण सुटले. म्हणून मी सहकार्य म्हणतो तेव्हा सगळ्यांनी एकच सूर लावावा असं म्हणत नाही. आधीच्याची चूक सापडली तर ती लेखी, पुराव्यासकट, वेळेत सांगणं हेही सहकार्यच. पाच-दहा वर्षांनी सांगितलं तर त्याची किंमत तुरुंगातला माणूस आणि मेलेल्याचं घर भरतं.

*आम्ही साधी माणसं. आम्ही काय करायचं?*

तुम्ही या साखळीची पहिली कडी आहात. संशयास्पद वस्तू दिसली तर हात लावू नका, ११२ ला फोन करा, रेल्वेत असाल तर १३९. किती वाजता, कुठे, काय पाहिलं हे लगेच लिहून ठेवा. फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. साक्षीदार झालात तर हे लक्षात ठेवा: पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही लागत नाही, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब वेगळा आणि जास्त वजनाचा. न पाहिलेलं पाहिलं म्हणू नका आणि पाहिलेलं नंतर विसरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे. पंच म्हणून बोलावलं तर ते होतंय का, हे बघण्याचा तुम्हाला हक्क आहे.

थांबता थांबता एवढंच. पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी "यंत्रणांमध्ये समन्वयाचा अभाव" म्हणालं, तर तिथे सोडू नका. विचारा की पहिल्या तासात प्रमुख कोण होता. फाईल कुणाकडून कुणाकडे गेली, कधी गेली, आणि जाताना त्यात काय लिहिलेलं होतं. नावानिशी उत्तर मिळेपर्यंत हे विचारत राहायला पाहिजे. मालेगावच्या दोन्ही स्फोटांतली कुटुंबं आजवर तेच विचारताहेत.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे पाठवा, आणि भागात काही चुकलं असेल तर तेही सांगा. पुढच्या भागात भेटू. राम राम.